पाण्याच्या वर सोडलेली जागा

विषय : वाघदरा साठवण तलावाच्या गाळमोजणीचा त्रिमितीय आलेख, तिन्ही अक्षांचे प्रमाण समान ठेवून, फेरसादर करणेबाबत.

संदर्भ : उपविभागाचा शेरा, "उभे व आडवे प्रमाण जुळत नाही. दुरुस्त करून आणावे."

१

वरचा मसुदा धोंडीरामआप्पांचा. उभी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेऱ्यांत लिपिक म्हणून गेली; निवृत्तीनंतरही विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय त्यांना दूधवाल्याशी भांडता येत नसे. "माझ्याशी भांडतानी जावक क्रमांक बी टाकत जावा," केशरबाई म्हणायच्या, "म्हंजी मला उत्तर द्यायला बरं पडंल."

काम मात्र आप्पांचं नव्हतं, मुलाचं होतं. शिवशंकरनं चौसाळ्यात मोजणीचा धंदा थाटला होता. एक पत्र्याची नाव, नावेच्या पोटाला बांधायचं खोली मोजणारं यंत्र, आणि घरी कॉम्प्युटरवर बसणारी बायको, स्वप्नाली. तलावात गाळ किती साचला हे काढायचं म्हणजे नाव या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ओळीत न्यायची, ओळ संपली की शेजारची ओळ धरायची. यंत्र पाण्याखाली आवाज सोडतं. तळावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली सांगतं. त्या हजारो आकड्यांतून स्वप्नालीनं तलावाचा तळ पडद्यावर उभा करायचा.

मधल्या पाण्यात फोनला रेंज नसायची. म्हणून ओळ संपली की शिवशंकर नावेत उभा राहायचा आणि एक हात सरळ वर करायचा. तलावाच्या भरावावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हलवायची, की हात खाली घेऊन तो पुढच्या ओळीला लागायचा. "शाळेत कधी हात वर केला न्हाई लेका," आप्पा म्हणायचे, "सगळी भरपाई इथं करायलास व्हय?"

मोजणी संपली होती. पण आलेख मंजूर होईपर्यंत पाण्यातल्या खुणा हलवायच्या नाहीत, असं करारात होतं. खुणा म्हणजे तेलाचे रिकामे डबे, खाली दोराला दगड, वर लाल चिंधी. वाऱ्यानं ते सरकत, म्हणून वारा पडला की भर दुपारी शिवशंकर नाव घेऊन जायचा आणि त्यांना जागेवर आणायचा. थोडक्यात, उपविभागाच्या साहेबांची सही होत नव्हती म्हणून पोरगं पाण्यावर होतं. त्याला धड पोहता येत नव्हतं. धंदा पाण्यावरचा असला तरी पाण्यात उतरायचं काही कलम करारात नाही, असं तो आईला सांगायचा. केशरबाईंना हा विनोद कळत होता आणि आवडत नव्हता.

"सही कधी व्हती तेवढं सांगा," त्या आप्पांना विचारायच्या. दुसरं काही विचारायच्या नाहीत.

२

आलेख तीनदा परत आला होता.

पहिल्यांदा स्वप्नालीनं प्रोग्रॅमनं काढला तसाच दिला. "त्याला काय, आप्पा, सगळं एका चौकोनी डब्यात बसवायचं असतं," तिनं समजावलं होतं. "तलाव किलोमीटरभर लांब आणि जेमतेम सात मीटर खोल. पण डबा सगळ्या बाजूंनी सारखा. मग तो लांबी दाबतो आणि खोली ताणतो." ताणलेला तळ असा दिसत होता, की त्यात अख्खं चौसाळा ढकलून वर माती लोटता आली असती. शेरा आला, प्रमाण जुळत नाही.

दुसऱ्यांदा तिनं तिन्ही अक्षांना सारखीच मोजपट्टी लावली. मीटरला मीटर. तलाव भाकरीसारखा चपटा झाला, आणि बाजूनं बघितलं तर भाकरीही नाही, नुसती रेघ. खरा तलाव तसाच असतो. माणसाला त्याची खोली वाटते, कारण माणूसच बुटका असतो. शेरा आला, आलेखात काहीही दिसत नाही.

तिसऱ्यांदा आप्पांनी सुवर्णमध्य सुचवला. उभं प्रमाण दहापट, आणि खाली तशी टीप. शेरा आला, तोच जो पहिल्यांदा आला होता. शाईसुद्धा तीच असावी.

"म्हणजे समानही पाहिजे आणि दिसलंही पाहिजे," आप्पा म्हणाले.

"हो."

"मग तलाव आणखी खोल खणून घ्या म्हणावं. तेवढं एकच राहिलंय."

आप्पांच्या काळी नकाशे हातानं निघत आणि खाली 'प्रमाणात नाही' असे दोन शब्द टाकले की काढणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला शांत झोप लागे. आता झोप प्रोग्रॅमवर सोपवली होती आणि जागरण माणसांवर.

त्या दुपारी दोघं कॉम्प्युटरपुढं बसले होते. ही आतली खोली. खिडकीत कूलर, भिंतीपलीकडं हायवे. ट्रक गेला की पडदा थोडा हलायचा आणि त्यातला तलावही. स्वप्नालीनं पहिला, ताणलेला आलेख पुन्हा उघडला. खाली तपकिरी तळ, वर पाण्याच्या पातळीचा निळा पापुद्रा. तो शून्यावर. डबा तिथं संपायला हवा होता.

"ही वर मोकळी जागा कसली गं?" आप्पांनी विचारलं.

"कडेला थोडी हवा सोडतो तो."

"चारी बाजूंनी सोडतो?"

स्वप्नालीनं चित्र फिरवून बघितलं. चारी बाजूंना डबा तलावाला घट्ट लागून होता. खालीही घट्ट. हवा फक्त वर होती. चित्राच्या खाली प्रोग्रॅम मर्यादा लिहून दाखवायचा, तिथं उभ्या अक्षासमोर लिहिलं होतं : खाली उणे सात, वर दीड.

"पाण्याच्या वरचा एखादा आकडा मोजणीत आलाय का?"

"यंत्र खालीच बघतं, आप्पा. वरचं त्याला दिसतच नाही." तरी तिनं सगळे आकडे उतरत्या क्रमानं लावले. सगळ्यांत वरचा शून्य. दीड कुठंच नव्हता. तिनं वरच्या मर्यादेत हातानं शून्य टाकलं, जागा गेली. फाईल बंद करून पुन्हा उघडली. दीड.

"पण डबा उगाच मोठा होत नाही," ती जरा चिडून म्हणाली. "आत जेवढं असतं तेवढाच होतो."

आप्पांनी तिला नवीन प्रोग्रॅम घ्यायला सांगितलं. आपल्याला जे कळत नाही ते नवीन घ्यावं, ही पद्धत ते कचेरीतून शिकले होते. तिनं घेतला. त्यातही दीडच.

३

भरावावर कडूबाई शेळ्या चारायची. आप्पांच्या पोटात कळ आली की त्यांना ओवा द्यायची आणि बदल्यात त्यांनी साहेबांना दिलेल्या चार शिव्या ऐकायची. तेवढीच तिची करमणूक. त्या दिवशी आप्पा शिवशंकरचा जेवणाचा डबा घेऊन बसले होते. तो लांब मधल्या खुणेजवळ होता.

"आप्पा, एक इचारू का?" कडूबाई म्हणाली. "दोघांचा डबा काहून आणीत न्हाई तुमी?"

"मी घरून जेवून येतो."

"तुमचं न्हाई म्हणत. त्ये दुसरं माणूस. लई सोशीक हाय बगा. उनातानाचं उभं आसतंय, पण कवा बसलेलं न्हाई बगितलं."

"कोण दुसरं? नावेत एकटाच आसतो तो."

"नावंत कुटं म्हन्ले मी?" कडूबाईनं एका शेळीला खडा मारला. "नावंच्या भाईर."

आप्पांनी चष्मा पुसून बघितलं. उन्हात पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. नाव होती, नावेत शिवशंकर होता, लाल चिंध्या होत्या, आणि पूर्वी बुडालेल्या एका बाभळीचं वठलेलं खोड पाण्यातून वर आलं होतं. खोडच ते. बाईची नजर अधू. आप्पांनी हे मनात रीतसर टिपलं आणि खाली सही केली.

मग त्यांच्या लक्षात आलं की कडूबाई खोडाकडं बघतच नव्हती. ती बघत होती ती जागा खोडापासून बरीच डावीकडं होती.

"आता कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"आता बसलं वाटतं," कडूबाई म्हणाली आणि शेळ्या घेऊन उठली.

४

घरी आले तर स्वप्नाली त्यांची वाटच बघत होती. पडद्यावर निळ्या पापुद्र्यावर एक काटा उभा होता. बारीक, सरळ. डब्याच्या वरच्या कडेला त्याचं टोक बरोबर टेकलेलं.

"जागा कशाची ते कळलं," ती म्हणाली. पण ती खूश नव्हती.

काटा मोजणीत नव्हता. तिनं आकडे परत चाळले, त्या ठिकाणचे सगळे पुसून पाहिले. तरी काटा जिथल्या तिथं. तिन्ही प्रमाणं समान केली की तो जायचा. यात गूढ काही नव्हतं. किलोमीटरभर भाकरीवर दीड मीटर उंचीची वस्तू दिसणार कशी? भाकरीवरचा तीळसुद्धा तिच्यापुढं मोठा. हिशोब चोख होता, आणि आप्पांना राग त्याच चोखपणाचा येत होता.

शिवशंकर घरी आला, जेवायला बसला, आणि बायकोनं लॅपटॉप त्याच्या ताटाशी आणून ठेवला तेव्हा हसला. "बगळा बसला आसंल."

"दीड मीटरचा बगळा?" आप्पा म्हणाले.

"मंग त्येला धरून मोजायला पायजे व्हतं. चुकलंच माझं."

"गमजा करू नकोस. तुला तिथं कुणी दिसतं का?"

"आप्पा, चार हात पाण्यावर मी, डबे, आन ऊन. तिथं कोण येणार हाय, तलाठी?" पण भाकरी मोडताना तो जरा थांबला. "येक सांगू? परवापास्नं नाव जरा जड लागायली. कुणी कडेला हात ठिवल्यावानी. यंत्र काढलं तरी तसंच."

"शेवाळ आसंल," केशरबाई घाईनं म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. त्याला नको असतानाही वाढली.

दुसऱ्या दिवशी काटा दुसरीकडं होता. तिसऱ्या दिवशी आणखी तिसरीकडं. स्वप्नालीनं रोजच्या काट्यापुढं शिवशंकरनं त्या दिवशी हलवलेल्या खुणा मांडल्या. काटा त्याच्या मागोमाग होता. आदल्या दिवशी जिथं शिवशंकर शेवटी थांबला, तिथं. पुढं पुढं आदल्या दिवशीचंही नाही. त्याच सकाळी स्वप्नालीनं फाईल उघडली की दुपारी तो ज्या खुणेवर जाणार, तिथं.

मग शिवशंकर एका मित्राच्या लग्नाला धर्मापुरीला गेला. नाव भरावाखाली काठाला बांधलेली, उलटी. मोजणी संपलेली, यंत्र घरातल्या कपाटात. आप्पांनी मुद्दाम स्वप्नालीला आलेख उघडायला लावला. आज काटा नसणार. नसला की नावेच्या हालचालीशी त्याचा संबंध आहे असं ठरलं, आणि संबंध ठरला की ते कारण. कारण मिळालं की माणूस जेवायला मोकळा.

काटा होता. तलावाच्या मधे नव्हता. काठाला लागून, नाव जिथं बांधायचे अगदी तिथं, उभा.

वाट बघत असल्यासारखा. कूलरचं पाणी संपलं होतं आणि आतला पंखा कोरडाच फिरत होता. तो बंद करायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

५

साहेबांचा फोन सकाळी आला. आप्पांनीच घेतला.

"काका, समान प्रमाणातला पाठवून द्या."

"साहेब, त्यात काही दिसत नाही असा आपलाच शेरा आहे."

"नाही दिसलं तर नाही दिसलं. परिपत्रकात समान असावं असं आहे. दिसावं असं कुठं आहे? आज संध्याकाळच्या आत पाठवा, आजच सही करतो. उद्यापासून मी ट्रेनिंगला."

तीन आठवडे ज्या उत्तरासाठी घालवले ते इतकं सोपं होतं याचा आप्पांना संताप आला. पण संतापाच्या खाली समाधान होतं. सही झाली की खुणा निघणार, खुणा निघाल्या की पोरगं पाण्यावरून उतरणार.

"मंग मी डबे आजच काढतो," शिवशंकर म्हणाला. "सही झाल्यातच जमा हाय."

"उद्या काढ."

"उद्या वारा धरणार हाय. आन आप्पा, मला बी ते नकोच झालंय तिथलं. येकदाच जातो, संपवून टाकतो."

तो निघताना स्वप्नालीनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. उन्हाळ्यात, एवढ्या उकाड्यात.

भर दुपारी आप्पा भरावावर बसले. कडूबाई नव्हती. शिवशंकर एकेक खूण उचलून नावेत घेत होता. पत्र्यावर डबा पडला की आवाज बऱ्याच वेळानं काठाला यायचा. कुठल्या डब्याचा कुठला आवाज, हे जुळेनासं झालं. फोन वाजला.

"आप्पा, पाठवायच्या आधी एकदा ताणून बघितलं. आज दोन काटे आहेत."

"दोन असू देत नाहीतर दोनशे." आप्पांचं डोकं उन्हानं आणि साहेबांनी तापलं होतं. "समान केलं की काही उरत नाही ना?"

"नाही उरत."

"मग कर समान. पाठवून दे. आणि आपल्याकडची प्रत, आकडे, सगळं पुसून टाक. मंजुरीला दिल्यावर प्रत ठेवायची नाही, करारात आहे. नंतर कुणी बोट दाखवायला नको." कितीतरी ठेकेदार प्रत ठेवायचे आणि खुशाल नाही म्हणून लिहून द्यायचे. आप्पांच्या घरात ते चालणार नव्हतं.

"पण आप्पा, एक काटा जुना दीडचाच आहे. दुसरा उंच आहे. वरची मर्यादा पावणेदोन झालीय."

पावणेदोन. हा आकडा आप्पांच्या ओळखीचा होता. शिवशंकर पोलीस भरतीला गेला तेव्हा उंची मोजून आला होता आणि चौसाळ्यात भेटेल त्याला सांगत सुटला होता, बरोबर पावणेदोन मीटर. त्यांनी मान वर केली.

शिवशंकर नावेत उभा होता. फार उंच होता. मे महिन्याच्या दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचं माणूस ताणल्यासारखं दिसतं. आप्पांनी हे आयुष्यभर पाहिलं होतं. पण शेजारचं बाभळीचं खोड ताणलेलं नव्हतं. खोड होतं तेवढंच होतं. शिवशंकर मात्र खांबासारखा बारीक आणि लांब झाला होता, आणि नावेच्या बाहेर, त्याच्यापासून हातभर अंतरावर, पाण्यावर, तसंच बारीक, तसंच लांब, त्याच्याहून जरा बुटकं दुसरं काहीतरी उभं होतं. त्याचं तोंड शिवशंकरकडं होतं. तोंड असेल तर.

शेवटचा डबा निघाला होता. शिवशंकरनं हात वर केला. तो हात वर जातच राहिला.

टोपीकडं जायच्या ऐवजी आप्पांचा हात फोनकडं गेला. "स्वप्नाली, थांब. समान करू नको. थांब..."

"झालं, आप्पा. पाठवलं. प्रत पण पुसली."

पाण्यावरचं सगळं खाली बसलं. कोसळलं नाही, बुडालं नाही, शिंतोडा उडाला नाही. पडद्यावर बसायचं तसंच, एकदम, सारख्या प्रमाणात. आप्पा शपथेवर सांगतील की हात अजून वरच होता; फक्त वर म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

मग हवा स्थिर झाली. नाव होती. खोड होतं.

६

नावेत सगळे डबे ओळीनं लावलेले मिळाले, दोर गुंडाळून, चिंध्या दुमडून. चपला वल्ह्याशेजारी. शोधपथकानं गळ टाकले, जाळी ओढली. वाघदऱ्याचा तळ कुठं किती खोल आहे हे जगात कुठल्याच तलावाबद्दल माहीत नसेल इतकं नेमकं माहीत होतं. स्वप्नालीनं तोंडपाठ सांगितलं. काही सापडलं नाही. पंचनाम्यात आप्पांनी आपलं म्हणणं सांगितलं तेव्हा हवालदारानं लिहायचं थांबून त्यांना पाणी दिलं आणि मग लिहिलं, ऊन लागल्याने जबाब सुसंगत नाही. मसुदा म्हणून वाक्य चांगलं होतं.

केशरबाई सहीबद्दल विचारेनाशा झाल्या. सही झाली होती. त्याच संध्याकाळी.

आप्पा उपविभागात गेले. तिथला लिपिक बंकट त्यांच्याच हाताखाली टिपणी लिहायला शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि बराच वेळ कुठं बघावं ते त्याला सुचेना.

"मंजूर आलेख उघड," आप्पा म्हणाले.

बंकटनं उघडला. पांढऱ्या पडद्यावर एक रेघ. साहेबांना हवी होती तशी, परिपत्रकाप्रमाणं.

"ताण आता. उभं प्रमाण दहापट कर."

"आप्पा, फाईल मंजूर हाय. बघता येती, प्रमाण बदलता येत न्हाई. कुलूप हाय त्याला."

"कुलूप उघड."

"साहेब ट्रेनिंगला हायेत. तुमीच शिकवलंय आमाला, परवानगीबिगर..."

"मी लई गोष्टी शिकवल्यात रे," आप्पा म्हणाले. "खाली जा जरा. मर्यादा दाखव."

बंकटनं चित्र वर सरकवलं. उभा अक्ष : खाली उणे सात. वर सव्वादोन.

आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. त्या दुपारी पावणेदोन होतं. फाईल तेव्हापासून कुलपात होती.

"बंकट, तू पण पोलीस भरतीला गेला होतास ना? तुझी उंची किती भरली होती?"

"पावणेदोनला जरा कमी. का हो?"

"भिंतीला टेकून उभा राहा. हात वर कर. सरळ, शाळेत करतात तसा."

बंकट गांगरला, पण जुन्या सवयीनं उठला आणि हात वर करून उभा राहिला. आप्पांनी टेबलावरची पट्टी घेतली, खुर्चीवर चढले, आणि जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत मोजलं. मग खाली उतरले. सव्वादोनला जरा कमी भरलं. बोलायचं होतं ते पडद्यावर लिहिलेलं होतं.

डबा उगाच मोठा होत नाही. आत जेवढं असतं तेवढाच होतो.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्यावरच्या त्या रेघेसमोर हलवली. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. आप्पांनी आणखी एकदा हलवली, जरा जोरात, भरावावरून हलवायचे तशी. मग थांबून मर्यादेच्या आकड्याकडं बघत राहिले. आकडा खाली आला नाही. ओळ संपली हे कळलं, आता हात खाली घे, असं सांगायची ती एकच रीत होती, आणि ती त्यांनी त्या दुपारी चुकवली होती.

"आप्पा," बंकट हळू आवाजात म्हणाला. त्याचा हात अजून वर होता. "घेऊ का खाली?"

७

विषय : वाघदरा तलावाच्या मंजूर आलेखाचे उभे प्रमाण एक वेळ दहापट करून दाखविणेबाबत.

अर्जदार, धोंडीराम, सेवानिवृत्त लिपिक, राहणार चौसाळा. अर्जात कारण देणे आवश्यक असल्याने ते दिले आहे : समान प्रमाणात मुलगा दिसत नाही.

अर्जाची आवक झाली. समान प्रमाण हे परिपत्रकानुसार असल्याने त्यात बदल करता येईल किंवा कसे, याबाबत वरिष्ठ कार्यालयाचा अभिप्राय मागवला आहे. अर्जदार दर सोमवारी येऊन चौकशी करतात, मर्यादेचा आकडा वाचून दाखवायला लावतात, टोपी हलवतात आणि जातात. मागच्या सोमवारी त्यांची सून सोबत होती. वरची मर्यादा तीच आहे.

अभिप्राय आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.